मडगार्ड विकले आणि हॉट रॉड बांधली

गाडी दारात आली त्याच शनिवारी मी तिचे चारही मडगार्ड काढले, पायदानं काढली, दोन्ही बंपर काढले, तारेच्या स्पोकची पाच चाकं काढली आणि सगळं ड्राइव्हवेवर जुनी चादर अंथरून मांडलं, फोटो काढले, विकायला लावलं. बायकोने खिडकीतून पाहिलं. "अरे, आजच आणलीस ना? लगेच भंगारात?"

भंगारात नाही गं बाई, हेच तर भांडवल.

गाडी म्हणजे १९३१ ची फोर्ड मॉडेल ए, ट्यूडर, म्हणजे दोन दारांची बंद गाडी. इथे ओहायोत एका शेताच्या गोठ्यात बरीच वर्षं पडून होती. इंजिन जाम, छपराचं कापड कुजून आत लोंबतंय, सीटमध्ये उंदरांचा संसार. ४८०० डॉलरला मिळाली. रोडस्टर (उघड्या छपराची) किंवा कूपे (छोटी, बंद, दोन दारांची) हवी असती तर ह्या पैशात नुसता सांगाडाही धड मिळाला नसता, कारण सगळ्यांना तेच हवं असतं. ट्यूडर तिच्या मोठ्या डब्यासारख्या अंगामुळे स्वस्त, आणि चार दारांची त्याहून स्वस्त, त्यामुळे खिसा हलका असेल तर तिकडे बघा, उगाच फोटोत बघून रोडस्टरसाठी झुरू नका.

तर मडगार्ड. ज्यांना मॉडेल ए अगदी कारखान्यातून निघाली तशी करायची असते ते लोक चांगल्या अस्सल मडगार्डच्या शोधातच असतात, आणि हॉट रॉडवाल्याला, म्हणजे जुनी गाडी हलकी करून वेगात पळवणाऱ्याला, ते नकोच असतात. महिन्याभरात ह्या सगळ्या सामानाचे १९०० डॉलर आले. म्हणजे गाडी पडली २९०० ला. ह्याच्यात एक माती खाल्ली ती पुढे सांगतो.

ज्यांना हॉट रॉड म्हणजे ज्वाळा रंगवलेली लाखोंची गाडी वाटते त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. १९३० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं सेकंडहँड फोर्ड घ्यायची, वजन कमी व्हावं आणि वारा कमी अडावा म्हणून मडगार्ड, बंपर, जे जे सुटेल ते काढायची आणि मोहावी वाळवंटातल्या म्युरॉकच्या कोरड्या तलावावर नेऊन पळवायची. तळ पार सपाट, मैलोनमैल. १९३७ साली त्यांच्या क्लबांनी मिळून एससीटीए (सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन) काढली, म्हणजे वेळ मोजायला, नियम लावायला कोणीतरी हवं म्हणून. नंतर म्युरॉक लष्कराकडे गेलं (आजचा एडवर्ड्स एअर फोर्स बेस तिथेच आहे), मग ही मंडळी एल मिराजला, आणि १९४९ पासून युटातल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर. सांगायचा मुद्दा हा की त्या पोरांकडे पैसे नव्हते. आज ज्याला 'ट्रॅडिशनल' लूक म्हणतात तो निम्मा त्या कडकीतून आलाय. मागचे टायर मोठे का? टायर उंच असला की इंजिनच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी जास्त अंतर कापते, टॉप स्पीड वाढतो, वेगळा गिअर घ्यायला नको. पुढचे बारीक का? हलके, आणि वाऱ्याला कमी अडतात.

मी सुरू केलं तेव्हा मलाही व्ही-८ च, म्हणजे व्ही आकारात आठ सिलिंडरवालं इंजिन, हवं होतं. फोर्डने १९३२ मध्ये फ्लॅटहेड व्ही-८ आणलं, ६५ हॉर्सपॉवर, आणि पुढची वीसेक वर्षं हॉट रॉड म्हटलं की तेच इंजिन. मी पेनसिल्व्हेनियात हर्शीला ऑक्टोबरमध्ये जुन्या गाड्यांच्या सामानाचा जो प्रचंड बाजार भरतो तिथे सहा तास गाडी हाणत गेलो, अख्खा दिवस चिखलात फिरलो, पाय मोडले, आणि एका माणसाकडे फ्लॅटहेड सापडलं, "रिबिल्ट आहे, नुसतं लावा आणि चालवा." ८०० डॉलर. घरी आणून मशीन शॉपला तपासायला दिलं तर व्हॉल्व्हच्या सीटपासून सिलिंडरपर्यंत तडा, एक नाही तीन ठिकाणी. ह्या इंजिनाचा तो जन्मजात स्वभाव आहे, एक्झॉस्टच्या वाटा ब्लॉकच्या आतून, पाण्याच्या मधून काढल्यात, त्यामुळे ते तापतं आणि तापून तापून चिरतं. पेपरात गुंडाळून ठेवलेलं, वरून ताजा हिरवा रंग मारलेलं इंजिन दिसलं की आता मी लांबूनच नमस्कार करतो. आतले काही पार्ट विकून ६५० परत आले म्हणून निभावलं.

मग शेजारचे आजोबा म्हणाले (मनात आजोबा, तोंडावर आपलं इथल्या पद्धतीने नाव घेऊन), अरे तुझ्याकडे एक इंजिन आहे ना, ते का नाही चालवत. मॉडेल ए चं मूळचं चार सिलिंडर, २०० क्यूबिक इंच म्हणजे जवळपास ३.३ लिटर, आणि एवढं असून फक्त ४० हॉर्सपॉवर. कॉम्प्रेशन ४.२२ ला १, इतकं कमी की हॅन्डल मारताना हाताला फारसं जाणवतही नाही. पण म्युरॉकवर सुरुवातीची कितीतरी वर्षं हीच चार सिलिंडरवाली पळत होती, व्ही-८ नंतर आलं. इथे त्याला प्रेमाने बँगर म्हणतात. म्हणजे परंपरेलाही धरून आणि फुकट. मी इतके महिने नाकासमोरचं सोडून गावभर शोधत होतो.

फुकट, पण जाम. चारही प्लग काढले, सिलिंडरमध्ये अर्धं ॲसिटोन आणि अर्धं ऑटोमॅटिक गिअरचं तेल असं मिश्रण ओतलं आणि रोज रात्री जेवण झालं की जाऊन थोडं थोडं ओतायचं, आणि फ्लायव्हीलच्या दात्यांत पहार अडकवून एकदा इकडे एकदा तिकडे हलकेच जोर लावायचा. हलकेच हं, इथे ताकद दाखवली की पिस्टन फुटतो. एकोणीस दिवस ढिम्म. विसाव्या रात्री पहार हातात थोडीशी खाली गेल्यासारखी वाटली, मला वाटलं पहारच घसरली. खडूने खूण केली, परत जोर लावला, खूण सरकली. दोन दात. मी घरात जाऊन बायकोला उठवून सांगितलं, ती म्हणाली "बरं" आणि कुस बदलून झोपली.

उघडल्यावर आतून बरं निघालं. मॉडेल ए ला आजच्यासारखे सुटे बेअरिंग शेल नसतात, मऊ पांढरा बॅबिट धातू थेट ओतलेला असतो, आणि तो नवीन ओतून घ्यायचा म्हणजे खिशाला भोक. पण फोर्डने कॅपच्या खाली पातळ पत्र्यांच्या शिम ठेवल्यात, झीज झाली की एकेक पातळ थर सोलून काढायचा आणि बेअरिंगमधली फट परत नीट करायची. मी प्लास्टिगेज (ही फट मोजायची मऊ प्लास्टिकची बारीक दोरी) ठेवून, कॅप आवळून, सोडून, मोजून, परत शिम सोलून असं आठवेळा केलं असेल, शेवटी दीड हजारांश इंचावर आणलं. खर्च काय तर प्लास्टिगेजचं पाकीट. वर ५.५ कॉम्प्रेशनचं नवीन हेड, व्हॉल्व्ह घासून घेतले, रेडिएटर दुरुस्त. ह्यापेक्षा जास्त चावटपणा ह्या इंजिनाशी करू नये, क्रँकला काउंटरवेट (तोल राखणारी वजनं) नाहीत, तेल कनेक्टिंग रॉडला चमच्यासारख्या डिपरने उडवून मिळतं, ताणलं तर तुटणार.

गंजाबद्दल बोलायचं तर मळी. खरंच, उसाची मळी! गुराढोरांच्या खाद्याच्या दुकानात मळीची बादली मिळते, एक भाग मळी नऊ भाग पाणी, त्यात गंजलेले पार्ट बुडवून दोन तीन आठवडे विसरून जायचं. काढून पाण्याच्या जोरदार फवाऱ्याखाली धरलं की राखाडी स्वच्छ लोखंड, चांगल्या धातूला धक्का नाही. ॲल्युमिनियम किंवा जस्ताचं काही त्यात टाकू नका, ते खाऊन टाकतं. वास मात्र... ऑगस्टमध्ये पिंपावर बुरशीची साय आली आणि गुऱ्हाळामागच्या नाल्यासारखा वास पूर्ण गल्लीत. घाईचे पार्ट वॉशिंग सोड्याच्या पाण्यात बुडवून बॅटरी चार्जरचा करंट सोडून केले, चार्जरच्या दुसऱ्या टोकाला साधं लोखंड लावायचं, स्टेनलेस अजिबात नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं.

पत्र्याचं काम मी शिकत शिकत केलं आणि ते दिसतं. वेल्डिंग मशीन मित्राचं, गॅस आणि तार माझी. डाव्या दाराच्या खालचा पट्टा पूर्ण गेला होता, तयार पॅच आणला, नीट कापून बसवला आणि मोठ्या हौसेने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ शिवण मारत गेलो. थंड झाल्यावर बघतो तर पापड तळल्यावर कसा फुगतो आणि कडेने वळतो, तसा दाराचा पत्रा. दुसऱ्यांदा केलं तेव्हा अक्कल आली, एक टाका इथे, पुढचा सहा इंचांवर, तिसरा आणखी तिसरीकडे, प्रत्येक टाक्यानंतर हात लावून बघायचं, चटका बसला तर थांबायचं. एक फुटाच्या शिवणीला पूर्ण संध्याकाळ. पहिलं दार अजून तसंच आहे, वर पुट्टी, उन्हात तिरकं बघितलं की लाट दिसते.

ह्या सगळ्यात एकदाच मी मनापासून घाबरलो. मॉडेल ए ला मागे पुढे एकेकच आडवा कमानपाटा असतो, आणि मागचा म्हणजे धनुष्यासारखा ताणलेला. मडगार्ड वगैरे काढल्यावर गाडी हलकी झाली, मग ती मागून कोंबडीसारखी शेपटी वर करून उभी, म्हणून काही पाती काढायची होती. पात्यांचा मधला बोल्ट सोडला की सगळा ताण एकदम सुटतो, आणि लोकांची तोंडं फुटलीत त्याने. मी दोन्ही बाजूंनी दोन दोन सी-क्लॅम्प लावले, मधल्या बोल्टच्या जागी लांब आटे पाडलेला रॉड घातला आणि नट पाव पाव फेरा सोडत गेलो. अर्ध्यावर एक क्लॅम्प करकरला आणि बोटभर घसरला. बस. मी पाना तिथेच सोडून गॅरेजच्या बाहेर जाऊन उभा राहिलो, पाच मिनिटं हात थरथरत होते. मग आणखी दोन क्लॅम्प आणले. मध्ये तोंड ठेवायचं नाही, बाजूला बसायचं, एवढं लक्षात ठेवा. तीन पाती काढली, गाडी अडीच इंच खाली बसली.

छप्पर कापून बुटकं करणं, म्हणजे चॉप, ते मी केलं नाही. दिसतं झकास, पण खांब कापले की काचा, दारं सगळंच परत, आणि कापलेलं परत जोडता येत नाही. उद्या कोणाला ही गाडी मूळ रूपात न्यायची असेल तर नेता यावी असं माझं मत, ह्यावर माझी लोकांशी भांडणं झालीत. दुसरं भांडण गंजावरून. मुद्दाम गंज तसाच ठेवायचा, वर कवट्या आणि साखळ्या लावायच्या, त्याला रॅट रॉड म्हणतात, ज्याला आवडतं त्याने करावं, पण त्या जुन्या पोरांना गंज आवडत नव्हता, त्यांच्याकडे रंगाचे पैसे नव्हते इतकंच. मी ट्रॅक्टरचा काळा इनॅमल मारला. त्यात हार्डनर घातला की चमक जास्त आणि वाळतो लवकर, पण त्यात आयसोसायनेट हे विषारी रसायन असतं आणि माझ्याकडचा साधा मास्क त्याला पुरेसा नाही, म्हणून न घालता मारला आणि आठवडाभर वाळायची वाट बघितली. दोन माश्या आणि एक पतंग बॉनेटमध्ये कायमचे वस्तीला आहेत.

पैसे जिथे वाचवले नाहीत ती जागा म्हणजे ब्रेक. मॉडेल ए चे ब्रेक सळयांनी चालतात, हायड्रॉलिक नाहीत. फोर्डने हायड्रॉलिक १९३९ ला आणले, आणि १९४० च्या दशकातले फोर्डचे ब्रेक मॉडेल ए ला बसवणं हा हॉट रॉडवाल्यांचा जुना मार्ग, मागे बसवताना रिंगा करून घ्याव्या लागल्या, पण होतं. प्लेट आणि ड्रम जुने, बाकी सिलिंडर, नळ्या, होज सगळं नवं. मास्टर सिलिंडर मात्र दोन कप्प्यांचा घेतला, जुना एक कप्प्याचा नाही, एक नळी फुटली तर निदान दोन चाकं तरी थांबावीत. तो पायाखाली लपलाय, ज्याला शुद्ध परंपरा हवी त्याने वाकून बघू नये. एकूण १४५० डॉलर, ह्या गाडीतल्या मोठ्या खर्चांपैकी एक.

आणि तरीही तीन शनिवार वाया गेले. रात्री ब्रेक टणक, सकाळी पहिल्यांदा दाबला की पेडल थेट जमिनीला, दुसऱ्यांदा दाबलं की ठीक. हवा काढली, परत काढली, गळती शोधली, काही नाही. शेवटी आजोबांनी खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, तुझा मास्टर सिलिंडर चाकांतल्या सिलिंडरपेक्षा खाली आहे. बरोबर! गाडीच्या तळाखाली बसवल्यामुळे तेल हळूहळू परत उतरून येत होतं. ड्रम ब्रेकला अशा वेळी नळीत १० पीएसआयचा छोटा व्हॉल्व्ह लावतात, थोडा दाब धरून ठेवतो. वीस डॉलर. तीन शनिवार आणि वीस डॉलर.

आता ती माती खाल्लेली गोष्ट. चादरीवर मांडलेल्या सामानात मूळचा झेनिथ कार्बोरेटर पण होता, चाळीस डॉलरला दिला, कारण मी दोन स्ट्रॉमबर्ग ९७ कार्बोरेटर लावणार होतो ना, बॉनेट काढलं की कसले दिसतात. लावले. आता मॉडेल ए ची पेट्रोलची टाकी काचेच्या खाली, डॅशबोर्डलाच असते, पंप नाही, पेट्रोल आपोआप उताराने खाली झेनिथमध्ये येतं, कारण झेनिथ खाली लोंबतो. स्ट्रॉमबर्ग वर बसतात. टाकी अर्धी झाली की उतारच संपला, गाडी खोकायला लागते. म्हणून इलेक्ट्रिक पंप लावला, रेग्युलेटर न लावता, आणि ९७ ला अडीच पीएसआयच्या वर दाब चालत नाही हे मला तेव्हा कळलं जेव्हा दोन्ही कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोल वर आलं आणि ओघळून खाली सरकायला लागलं. ह्या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, एक्झॉस्ट तापलेला. थेंब पडून सूं असा आवाज. मी इग्निशन बंद केलं, फायर एक्स्टिंग्विशरची पिन ओढली आणि तसाच उभा राहिलो. पेटलं नाही. का पेटलं नाही मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी झेनिथ शोधायला लागलो. नव्वद डॉलरला मिळाला, आणि खात्री आहे तो माझाच होता, फ्लोट बोलवर माझ्या पान्याचा ओरखडा आहे. स्ट्रॉमबर्गची जोडी कपाटावर ठेवलीय, दिसते छान.

बाकी पटापट. काचा: ह्या गाडीच्या सगळ्या काचा सपाट, त्यामुळे पुठ्ठ्याचे नमुने कापून काचवाल्याकडे दिले आणि लॅमिनेटेड काच कापून घेतली, २२० डॉलर. छपराचा मधला भाग मुळातच लोखंडाचा नसतो, लाकडाच्या पट्ट्या, जाळी, कापूस आणि वर कापड, ते मी आणि बायकोने दोन रविवारी केलं. सीट भंगारातल्या एका व्हॅनची, कव्हर बायकोने शिवलं, मशीनच्या चार सुया मोडून. वायरिंग ६ व्होल्टच ठेवलं, लोक म्हणतात ६ व्होल्ट भिकार, पण जाड केबल आणि घासून स्वच्छ केलेलं अर्थिंग असेल तर स्टार्टर मस्त फिरतो. सीट बेल्ट बॉडीला नाही, चॅसिसला बोल्ट केलेत.

कागदपत्रांचं एक सांगायलाच हवं. मॉडेल ए चा नंबर म्हणजे इंजिनाचा नंबर, ब्लॉकच्या डाव्या बाजूला कोरलेला, आणि तोच चॅसिसच्या डाव्या पट्टीवर, पण तो बॉडीखाली झाकलेला. टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, बहुतेक वेळा इंजिनावरचा नंबर असतो. मी ते फ्लॅटहेड घातलं असतं आणि जुना ब्लॉक विकला असता तर माझ्या कागदावरचा नंबर दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये गेला असता. विकत घेताना पैसे मोजायच्या आधी हा नंबर टॉर्च लावून टायटलशी जुळवा.

सगळं धरून दहा हजार डॉलरच्या थोडं वर गेलं, सव्वादोन वर्षं लागली. गेल्या रविवारी पहिल्यांदा लांब नेली, चाळीस मैल, ताशी ५० च्या वर नेली नाही. गिअरना सिंक्रो (बदलताना गिअरचा वेग आपोआप जुळवणारा भाग) नाही त्यामुळे प्रत्येक वेळी क्लच दोनदा दाबायचा, सिग्नलला मागचा माणूस वैतागतो. पेट्रोल भरताना एक बाई येऊन म्हणाल्या, मडगार्ड कुठे गेले, चोरीला गेले का? मी म्हटलं, विकले.

मागच्या मेन बेअरिंगमधून तेल ठिबकतंय, खाली पुठ्ठा ठेवलाय, तो दर आठवड्याला बदलतो. उजवा हेडलाइट खड्ड्यात विझतो आणि पुढच्या खड्ड्यात लागतो, हे मात्र येत्या शनिवारी बघायलाच हवं.